खारबांधावर ट्राउटचा रॉड : सहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये मी साडेसहा फुटांचा, दोन तुकड्यांचा एक हलका स्पिनिंग रॉड आणि 2500 आकाराचे रील विकत घेतले. या रॉडला 3 ते 12 ग्रॅम वजनाचे ल्युअर (कृत्रिम आमिष) चालतात आणि तो मुळात ओढ्यातल्या ट्राउटसाठी बनवलेला आहे. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. आपल्याकडे तो काश्मीर-हिमाचलच्या ओढ्यांत सापडतो आणि तिथेही तो बाहेरून आणून सोडलेला आहे. रायगडच्या खाडीशी त्याचा काही संबंध नसताना मी हा रॉड निवडला, कारण अलिबाग तालुक्यातल्या शहापूर-धेरंड परिसरात शेताला लागून जी जिताड्याची तळी असतात, त्यांतला मासाही सोडलेलाच असतो. पावसाळ्यात खाडीतून आत आलेली जिताड्याची पिल्ले धरून शेतकरी तळ्यात सोडतात आणि छोटी मासळी, कोळंबी खाऊन ती तिथे वाढतात. एवढ्याशा पाण्यात जाड, लांब रॉड घेऊन उभे राहण्यात काही अर्थ नाही, असा माझा हिशेब होता. ऑगस्ट ते जानेवारी या सहा महिन्यांत मी हा संच आठवड्यातून साधारण दोनदा वापरला. कधी मालकांच्या परवानगीने तळ्यावर, तर बहुतेक वेळा खारबांधाच्या (खाडीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाच्या) उघाडीपाशी, म्हणजे आतले पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या दारापाशी.

तळ्यापुरता तो हिशेब बरोबर ठरला. 5 ग्रॅमच्या जिग हेडवर (वजनदार डोक्याच्या गळावर) लावलेली रबरी कोळंबी हा रॉड मनगटाच्या हलक्या झटक्याने समोरच्या काठापर्यंत पोहोचवतो आणि माशाने नुसते तोंड लावले तरी ते मुठीत कळते. ट्राउटसाठी मिळणारे फिरत्या पात्याचे छोटे स्पिनर मात्र तळ्यात फारसे चालले नाहीत. हॅचरीत गोळ्यांवर वाढलेला ट्राउट नव्याने ओढ्यात सोडला की चकाकणाऱ्या, हलणाऱ्या वस्तूवर धावतो असा तिकडचा अनुभव आहे. तळ्यातला जिताडा जिवंत भक्ष्यावर वाढलेला असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या फेकीनंतर त्या पात्याकडे बघतही नाही. रबरी कोळंबी तळाला टेकू द्यावी, दहापर्यंत आकडे मोजावेत आणि मग एकदाच उचलावी. मला मिळालेले बहुतेक मासे या उचलण्याच्या क्षणी लागले.

उघाडीवरचा अनुभव अधिक सविस्तर सांगायला हवा. भातकापणीपूर्वी, आश्विनात, खाचरांतले पाणी सोडले जाते आणि ओहोटीने खाडीची पातळी आतल्या पाण्याखाली गेली की उघाडीची झडप आपोआप उघडून ते पाणी जोराने बाहेर पडते. त्याबरोबर वाहून येणारी कोळंबी आणि बारीक बोईट टिपण्यासाठी जिताडा प्रवाहाच्या कडेला, दगडांच्या आडोशाला थांबतो. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला दुपारी दोन-अडीचच्या सुमारास भरती पूर्ण होते, म्हणजे पाचच्या आसपास, ऊन उतरत असताना, उघाडी ऐन जोरात वाहते. ही वेळ साधली तर कोणता ल्युअर लावला याला फारसे महत्त्व उरत नाही. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याच्या दिवसांत मी याच जागी चार-चार तास उभा राहिलो आहे आणि रिकाम्या हाताने परतलो आहे.

कोजागरीनंतरच्या अशाच एका संध्याकाळी 7 ग्रॅमचा स्पिनर प्रवाहाला आडवा ओढत असताना दगडाजवळ धप्प असा आवाज झाला. जिताडा भक्ष्य चावत नाही, तोंड उघडून ते पाण्यासकट आत ओढतो. तो आवाज त्याचाच. रॉड मुठीपर्यंत वाकला, मासा एकदा पूर्ण पाण्याबाहेर आला, त्याने डोके झटकले आणि दोर ढिला पडला. गुंडाळून पाहिले तेव्हा स्पिनरच्या तीन काट्यांपैकी दोन काटे तारेसारखे सरळ झाले होते आणि त्याच्या वरचा बोटभर दोर खरवडून पांढरा पडला होता. ट्राउटसाठी 6 पौंड ताण सोसणारा दोर पुरतो. ओढ्यात दगडांना चिकटलेली धारदार कालवे (शिंपले) नसतात आणि ट्राउटच्या कल्ल्याचे झाकणही जिताड्यासारखे धारदार नसते. त्या दिवसापासून मी 15 पौंडांच्या ब्रेडला (विणलेल्या दोराला) दोन हात लांबीचा 30 पौंडांचा लीडर, म्हणजे ल्युअरजवळचा जाड दोर, बांधू लागलो आणि प्रत्येक ल्युअरचा त्रिशूळ (तीन काट्यांचा गळ) काढून जाड तारेचा एकच गळ बसवला. यानंतर काटा सरळ होऊन मासा सुटला, असे एकदाही झाले नाही. शिवाय परत सोडायचा मासा लवकर मोकळा करता येतो. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, त्यामुळे खाडीतला मोठा जिताडा बहुधा अंडी घालणारी मादीच असते. तो मी ठेवत नाही आणि इतरांनीही ठेवू नये असे मला मनापासून वाटते.

आता दोषांविषयी. डिसेंबरमध्ये ब्रेड विनाकारण तुटू लागला. कापसाचा बोळा रॉडवरच्या, दोर ज्यातून जातो त्या प्रत्येक कडीतून फिरवून पाहिला तेव्हा टोकाकडून दुसऱ्या कडीत कापसाचे तंतू अडकले. आतल्या सिरॅमिकला केसाएवढी चीर गेली होती. विक्रेत्याकडे सुटी कडी नव्हती आणि त्याने बदलून देण्याची टाळाटाळ केली, म्हणून ती मी बाहेरून बसवून घेतली. रीलच्या मुठीत त्याच महिन्यात खरखर सुरू झाली. उघडून पाहिले तर बेअरिंगवर मिठाचा थर होता, आणि त्यात चूक माझी होती, कारण पहिले दोन महिने मी रील नुसते ओल्या फडक्याने पुसत असे. आता ड्रॅग (मासा ओढू लागला की दोर बेताने सुटू देणारा रीलचा ब्रेक) घट्ट आवळून गोड्या पाण्याचा हलका फवारा मारतो, पुसतो, ड्रॅग सैल करून सावलीत वाळवतो आणि महिन्यातून एकदा मुठीत तेलाचा एक थेंब सोडतो. रीलचा ड्रॅग स्वतः उत्तम आहे. इतके खारे पाणी लागूनही तो अजून अडखळत नाही. ब्रेड भरताना स्पूलवर (दोर गुंडाळायच्या चाकीवर) आधी साध्या दोराचे पाच-सहा फेरे द्यावेत, नाहीतर मासा ओढू लागला की सगळा ब्रेड स्पूलवर फिरतो.

जानेवारीत पहाटे तळ्याचे पाणी गार पडले की जिताडा मंदावतो, आणि त्यात रॉडचा दोष नाही. त्या दिवसांत उन्हे चढल्यावर, उथळ काठाला, सर्वांत लहान रबरी कोळंबी अगदी सावकाश फिरवली तरच काही हाती लागले.

तळ्यासाठी हा रॉड मी पुन्हा घेईन. उघाडीवर मात्र दगडापासून माशाला वळवण्याइतका जोर त्याच्यात नाही, म्हणून येत्या नारळी पौर्णिमेपूर्वी सात फुटांचा, 10 ते 30 ग्रॅमचा दुसरा रॉड घेणार आहे. रील आणि लीडर हेच राहतील.