उपवासकाळातील तीन दिवसांची तपसाधना: एक अभिप्राय

यंदाच्या ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासकाळात वसई परिसरातील एका केंद्रात शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार अशी तपसाधना केली. निवास व भोजनासह माणशी १,८०० रुपये घेतले. मोबाइल पहिल्याच संध्याकाळी जमा करून घेतात आणि जेवणही मौनातच होते. विषय होता ‘दुर्बळतेतील सामर्थ्य’. प्रवचनांतून तो इतका गुळगुळीत झाला आहे की मी फारशी अपेक्षा न ठेवताच गेलो होतो.

मात्र मार्गदर्शक फादरांनी सुरुवात नेहमीच्या काट्यापासून, म्हणजे आद्य ख्रिस्ती प्रचारक संत पौल याला छळणाऱ्या व्यथेपासून, न करता टोपलीपासून केली. बायबलमधील, करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ११ व्या अध्यायात संत पौल आपल्या हालअपेष्टा मोजून दाखवतो: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा फुटलेले गलबत, आणि ही सगळी बढाई जिथे संपते तिथे तो सांगतो काय, तर दमास्कसमध्ये पकडले जाऊ नये म्हणून आपल्याला तटाच्या खिडकीतून टोपलीत बसवून खाली सोडले होते. शत्रूच्या तटावर सर्वांत आधी चढणाऱ्या सैनिकाला रोमन लोक सोन्याचा मुकुट देत. “आणि हा गडी उतरल्याचे मिरवतो आहे,” असे फादर म्हणाले तेव्हा मौन मोडून सगळे हसले.

त्यानंतर १२ व्या अध्यायातला काटा आला. तो निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली, क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशूनेही तीनदाच प्रार्थना केली होती, आणि दोन्हीकडे मागितलेले मिळाले नाही, एवढे सांगून फादर थांबले. ख्रिस्ताचे सामर्थ्य आपल्यावर राहावे असे पौल म्हणतो, तिथले मूळ ग्रीक क्रियापद तंबू ठोकण्याचे आहे आणि पौल स्वतः तंबू शिवून पोट भरणारा होता, ही माहिती मला नवी होती. तंबू वर उभा राहतो, खालची जमीन खडबडीत असली तरी.

शनिवारी दुपारी एका बाईंनी उठून विचारले, की नवऱ्याचा मार हाही काटाच समजायचा का. फादरांनी क्षणाचाही विलंब न लावता नाही म्हटले. यरुशलेममध्ये फटके मारण्यासाठी बांधत असताना याच पौलाने आपण रोमन नागरिक असल्याचे सांगून ते टाळले, आणि टोपलीतून तो पळालाच होता, याची त्यांनी आठवण करून दिली. माझ्या मते दिलेले पैसे या पाच मिनिटांतच वसूल झाले.

शनिवारच्या रात्रीचे पाहुणे वक्ते मात्र उलट्या दिशेने गेले. १८८३ मध्ये इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंना वाढत्या बहिरेपणामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला आणि पुढे त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभारले, हे वक्त्यांनी ‘एक दार बंद झाले, मोठे उघडले’ अशा थाटात सांगितले. रमाबाईंचे बहिरेपण काही गेले नाही. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती मुलगी, आईच्या आधी गेली आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी याच काळापर्यंत चालू ठेवले होते, याचा वक्त्यांनी उल्लेखही केला नाही. दुर्बळतेला यशाची पहिली पायरी करून टाकले की पौलाचे म्हणणेच निसटते. नंतरच्या साक्षीही, म्हणजे लोकांनी उठून सांगितलेले श्रद्धेचे अनुभव, त्याच वळणाच्या झाल्या: आधी कर्ज, मग प्रार्थना, मग फ्लॅट.

जेवण साधे व चांगले आहे. रविवारी सकाळची पेज आणि सुक्या जवळ्याची चटणी विशेष. खोल्या स्वच्छ आहेत, चादर मात्र घरून न्यावी. खरी अडचण प्रार्थनागृहाची. ते दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गुडघे गेलेल्या एका आजोबांना पहिल्या संध्याकाळी दोन मुलांनी खुर्चीसकट वर नेले. ते त्यांना आवडले नसावे, कारण दुसऱ्या दिवसापासून ते खाली भोजनगृहातच बसून ध्वनिक्षेपकावर ऐकत राहिले. भोजनगृह मोठे आहे आणि तळमजल्यावर आहे. पुढची तपसाधना तिथेच घ्यावी, असे अभिप्रायाच्या वहीत मी लिहून आलो आहे.