ऑटोमॅटिक पिकअप: गाडी गरम होईपर्यंत इसार देऊ नका

सेकंडहँड ऑटोमॅटिक डिझेल पिकअप घेऊन फसलेल्या माणसाचं वाक्य ठरलेलं असतं: "ट्रायल घेतली तेव्हा तर लोण्यासारखी चालली होती." ते खरंही असतं. ट्रायल सकाळच्या गारव्यात होते, रिकाम्या गाडीत, चार-पाच किलोमीटरची, आणि शेजारी बसलेला दलाल सतत बोलत असतो. तेवढ्यात गिअरबॉक्सचं तेल नीट गरमही झालेलं नसतं. गार तेल घट्ट असतं, म्हणून झिजलेल्या सीलमधूनही दाब टिकतो आणि क्लच प्लेटा धरून राहतात. तेच तेल तापून पातळ झालं की दाब गळतो आणि प्लेटा घसरायला लागतात. मग इसार गेलेला, कागद झालेले, आणि मे महिन्याच्या भर दुपारी मोसंबीचे क्रेट भरून जालन्याहून निघालं की तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या मध्ये आरपीएम वर उडतो, गाडी मात्र ओढत नाही.

आपल्याकडे या जातीच्या गाड्या मुख्यतः दोनच दिसतात, इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स. व्ही-क्रॉसला १.९ लिटर इंजिनासोबत सहा गिअरचा ऑटोमॅटिक २०१९ मध्ये आला, हायलक्स २०२२ मध्ये. बाजारात, मोंढ्यात धावणारे बाकीचे पिकअप मॅन्युअल आहेत, त्यामुळे गावातल्या मिस्त्रीच्या हाताखालून ऑटोमॅटिक क्वचितच जातो. विकणाऱ्याचं फावतं ते इथेच. यंत्र मुळात कच्चं नाही. हायलक्सच्या मॅन्युअलला कंपनी ४२० न्यूटन मीटर टॉर्क देते आणि ऑटोमॅटिकला ५००, यावरून काय ते समजावं. हा गिअरबॉक्स मरतो तो उष्णतेने.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि कमी वेगात त्यात इंजिन आणि गिअर यांना जोडणारं फक्त तेल असतं. गाडी काळ्या मातीत फसली, चाकं फिरत नाहीत आणि ड्रायव्हर एकदा डी (पुढे), एकदा आर (मागे) करत पाय दाबून झुलवतोय, अशा वेळी इंजिनची जवळजवळ सगळी ताकद त्या तेलातच उष्णता होऊन जिरते. दोन-चार मिनिटांत तेल जळायला लागतं. ८० ते ९५ अंश हे त्याचं रोजचं तापमान. १२० च्या वर ते झपाट्याने खराब होतं, आणि ढोबळ हिशेबाने दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. ऊस किंवा पाण्याच्या टाकीची ट्रॉली ओढलेली, क्षमतेच्या दीडपट माल वाहिलेला, मोठे टायर घातलेली गाडी हे सगळं सोसून आलेली असते. विकताना ट्रॉलीचा हुक काढतात आणि मूळ मापाचे टायर बसवतात. पण चेसिसवर हुकाच्या बोल्टची भोकं राहतात, चाकाच्या आतल्या प्लास्टिकवर टायर घासल्याचे ओरखडे राहतात, मागच्या पाट्यांत जादा घातलेली पाती किंवा एकटाच नवा यू-बोल्ट दिसतो. आधी खाली वाकून एवढं पाहा.

आता गाडी "तयार" कशी करतात ते. काळं पडलेलं तेल काढून लाल तेल भरतात. लाल तेल म्हणजे चांगला गिअरबॉक्स, ही समजूत त्यांच्या कामी येते. त्यात सील फुगवणारं घट्ट ॲडिटिव्ह ओततात, घसरण काही आठवडे लपते. त्याच सकाळी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड पुसतात: पी०२१८ म्हणजे तेल अति तापलं, पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी०७४१ म्हणजे लॉक-अप (वेग धरल्यावर इंजिन आणि गिअर थेट जोडणारा, कन्व्हर्टरमधला क्लच) धरत नाही. पुसण्याचा मागमूस मात्र राहतो. ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर जोडतात त्या सॉकेटमधून मिळणाऱ्या, माहितीत "कोड पुसल्यापासूनचं अंतर" ही नोंद असते. साठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत ती नोंद सहा किलोमीटर दाखवत असेल तर विकणाऱ्याला सरळ विचारा, कशासाठी पुसलं? "बॅटरी बदलली" हे उत्तर ठरलेलं आहे. मग बॅटरीचं बिल आणि तिच्यावरची तारीख पाहा.

पुराच्या गाड्यांबद्दल जास्त कळकळीने सांगायचं आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे जे पाणी शिरलं, त्यात गाड्याही बुडाल्या. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात गेला की एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या (हवा ये-जा करायच्या) नळीतून पाणी ओढलं जातं. क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदी धाटणीचं असतं. पाण्याने ते सुटतं, आणि नंतर कितीही तेल बदललं तरी पुन्हा चिकटत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ पाहा, सीटच्या रुळांवरचा गंज पाहा, ओबीडी सॉकेटच्या मागे बोट फिरवा. गिअरबॉक्सच्या तेलाचा एक थेंब तापलेल्या तव्यावर टाका. तडतडला तर त्यात पाणी आहे. तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर पूर न पाहिलेल्या गाडीतही रेडिएटरमधला, गिअरबॉक्सचं तेल गार करणारा कूलर फुटून पाणी मिसळल्याची शक्यता असते.

ट्रायल आपल्या अटीवर घ्या. न सांगता पहाटे जा, बॉनेटला हात लावा. कोमट असेल तर गाडी आधीच चालवून ठेवली आहे. स्कॅनर लावूनच चावी फिरवा. ब्रेक दाबून एन (न्यूट्रल) मधून डी टाका: सव्वा सेकंदाच्या आत धक्का जाणवला पाहिजे. आर ला दीड सेकंद. दोनच्या वर गेलं तर आत दाब उशिरा बनतोय. मग मागे पाच-सात पोती किंवा चार माणसं घेऊन किमान तीस किलोमीटर चालवा, चढासकट. बीडकडचे असाल तर मांजरसुंब्याचा घाट यासाठी उत्तम. स्कॅनरवर तेल ८५ च्या वर जाऊ द्या.

आता खरी परीक्षा. सपाट रस्त्यावर ताशी ८० ला सहाव्या गिअरमध्ये पाय स्थिर ठेवा. ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबा. वेग तोच राहून आरपीएम दोनशे-तीनशेने वर-खाली व्हायला लागला, किंवा रस्त्यावरच्या रंबल पट्ट्यांवरून गेल्यासारखी एक-दोन सेकंद थरथर झाली, तर लॉक-अप क्लच संपत आला आहे. ब्रेकला नुसता पाय टेकवा: आरपीएम किंचित वर जायला हवा, म्हणजे लॉक-अप आधी धरलेला होता आणि आता सुटला. शेवटी गरम गाडी चढावर उलटी घ्या. रिव्हर्स हमखास उघडं पाडतो, कारण त्यात दाब सगळ्यात जास्त लागतो. विकणारा "एवढं कशाला तापवता" म्हणाला, की तो सौदा तिथेच सोडा.

दुसरी फसवणूक दुरुस्तीच्या नावाखाली होते. "पूर्ण तेल बदललं, दहा लिटर" असं बिल येतं. प्रत्यक्षात बुच उघडलं की तीन-चार लिटरच निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. रिकामे डबे मागा, निघालेलं तेल मापून घ्या. हायलक्सला डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) नाही. इंजिन चालू ठेवून, तेल साधारण चाळीस अंशांवर असताना ओव्हरफ्लोच्या बुचातून थेंब थेंब गळेल तीच पातळी खरी. इंजिन बंद ठेवून अंदाजाने भरलेलं तेल कमी पडतं, पंप हवा ओढतो, आणि दोन महिन्यांनी तोच मिस्त्री "बॉक्स गेला" म्हणतो. हायलक्सला टोयोटाचं डब्ल्यूएस तेल लागतं, "कुठलंही एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं" हे साफ खोटं.

"बॉक्स गेला" ऐकल्यावर लगेच हो म्हणू नका. कमकुवत बॅटरी, चिखल शिरलेला कनेक्टर किंवा एक अडकलेला सोलेनॉइडसुद्धा (तेलाची वाट उघडझाप करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) गाडी एकाच गिअरमध्ये अडकवतो. ओव्हरहॉलचं बिल लाखाच्या पुढे जातं, म्हणून आधी कोड कागदावर घ्या आणि तळाची पॅन तुमच्यासमोर उघडायला लावा. चुंबकावर बारीक राखाडी लेप असणं नेहमीचं आहे, चमकणारे तुकडे असतील तर बॉक्स खरंच गेला आहे. पॅन धुऊन पुसून दाखवत असतील तर काहीच कळत नाही. काम केलंच तर जुन्या प्लेटा आणि कन्व्हर्टर परत मागा, आणि कूलरच्या नळ्या धुतल्याचं बिलात लिहून घ्या. जुना कचरा कूलरमध्ये राहिला तर नवीन बॉक्स काही महिन्यांत त्याच वाटेने जातो.

जुन्या गाड्यांच्या डीलरकडून घेत असाल तर आरटीओचं फॉर्म २९बी चं (अधिकृत डीलर असल्याचं) प्रमाणपत्र पाहा, १ एप्रिल २०२३ पासून ते लागतं. "गिअरबॉक्समध्ये दोष नाही, गाडी पुरात बुडालेली नाही" हे त्याच्या सहीनिशी पावतीवर घ्या. फसवणूक झालीच तर स्कॅनचा छापील अहवाल आणि काढलेलं तेल बाटलीत सील करून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. गाडी धंद्यासाठी घेतली असेल तर ती स्वतःच्या उपजीविकेसाठी आहे हे तक्रारीत स्पष्ट लिहा, नाहीतर समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो.