वेस्टवर्ड हो! : उद्गारचिन्हासकट एका गावाचं परीक्षण

इंग्लंडमध्ये, उत्तर डेव्हनच्या किनाऱ्यावर वेस्टवर्ड हो! नावाचं गाव आहे. उद्गारचिन्ह आमच्या पदरचं नाही. नकाशात, वेशीवरच्या पाटीवर, बसच्या कपाळावर ते नावाचाच भाग म्हणून छापलेलं असतं. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात सें-लुई-द्यु-हा! हा! या गावानं दोन चिन्हं लावून ठेवली आहेत, पण ब्रिटनमध्ये वेस्टवर्ड हो!ला स्पर्धकच नाही. लिहिताना मात्र पंचाईत होते. "तुम्ही वेस्टवर्ड हो!ला जाणार का?" हे वाक्य मध्येच किंचाळल्यासारखं वाटतं. फोनवर मार्ग शोधताना चिन्ह गाळलं तरी चालतं.

आधी कळस मग पाया, असा या गावाचा इतिहास. १८५५ साली चार्ल्स किंग्सली यांची 'वेस्टवर्ड हो!' ही कादंबरी आली. शेजारच्या बिडेफर्ड गावाशी जोडलेलं तिचं कथानक लोकांनी उचलून धरलं. १८६३ साली एक कंपनी उभी राहिली, नॉर्दम बरोज या गवताळ माळाच्या कडेला हॉटेल आणि बंगले बांधायला तिनं घेतले आणि कादंबरीचं नाव वस्तीला चिकटवून टाकलं, विरामचिन्हासकट. एरवी गाव असतं, मग त्यावर कादंबरी लिहिली जाते. खुद्द किंग्सली यांना हा उद्योग पसंत नव्हता. किनाऱ्यावरचे पक्षी पळून जातील आणि किनाऱ्यालगतच्या दगडगोट्यांच्या बांधावर कोंबडीची हाडं नि सँडविचचे तुकडे पडतील, अशी कुरकुर त्यांनी पत्रात केली होती. अंदाज फारसा चुकला नाही. सँडविचच्या जोडीला आता चिप्स आल्या, एवढंच. त्यांचा वाटा सीगल उचलतात, तोही तुमच्या हातातून. पाठ भिंतीला लावून खाल्लं तर अर्ध्या चिप्स तरी पोटात जातात.

नाव जाहिरातीचं, म्हणून गावाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. चढावर घरांच्या रांगा, सुट्टीच्या कॅराव्हॅन, आइस्क्रीम, सर्फबोर्ड भाड्यानं देणारी दुकानं, आणि मुख्य रस्ता दहा मिनिटांत संपतो. इथवर मामला 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' असाच. दगडी खोपट्यांचं, गुलाबांच्या वेलींचं चित्रातलं इंग्लंड हवं असेल, तर किनाऱ्यानं पश्चिमेकडे क्लोव्हेली गाठावं. पायवाटेनं ते सुमारे अकरा मैल आहे आणि चढउतार दम काढणारे आहेत. सुरुवातीचा तुकडा सपाट आहे, कारण तो जुन्या रेल्वेच्या मार्गावरून जातो.

ती रेल्वे हे या गावाचं खरं विनोदी प्रकरण. १९०१ मध्ये बिडेफर्डच्या धक्क्यावरून इथवर गाडी सुरू झाली आणि पुढे ॲपलडोरपर्यंत गेली. पण मुख्य मार्गाचं स्टेशन टॉरिज नदीच्या पलीकडच्या काठावर, त्यामुळे हे रूळ उरलेल्या इंग्लंडला कधी जोडलेच गेले नाहीत. तीन इंजिनं होती, त्यातल्या एकाचं नाव किंग्सली. तक्रार करणाऱ्यालाच कामाला जुंपलं म्हणायचं. १९१७ मध्ये युद्धासाठी सरकारनं इंजिनं मागवली, तेव्हा ती न्यायची कशी हा प्रश्न पडला. अखेर बिडेफर्डच्या मध्ययुगीन दगडी पुलावर तात्पुरते रूळ टाकून ती पलीकडे नेली. मार्ग तिथेच संपला. आता एक्सेटरहून बार्नस्टेपलपर्यंत ट्रेन, साधारण सव्वा तास. तिथून बिडेफर्डमार्गे २१ क्रमांकाची बस.

आता किनारा. परीक्षणातले सगळे गुण इथे मिळतात, पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिलं तरच. मोठ्या उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत सात मीटरच्या आसपास फरक पडतो. ओहोटीला दोन-अडीच मैल लांबीची सपाट, घट्ट वाळू उघडी पडते. भरतीला तीच वाळू गडप होते आणि लाटा थेट गोट्यांच्या बांधावर आदळतात. अनेकांची निराशा होते ती इथेच: दुपारी टॉवेल घेऊन पोचायचं आणि अंथरायला जागाच नाही. ओहोटीच्या वेळेआधी दोन तास आणि नंतर दोन तास, एवढा काळ धरावा. पाणी वळल्यावर सपाट वाळूवर ते माणसाच्या अंदाजापेक्षा भराभर चढतं, म्हणून लांब गेलेल्यांनी आधीच मागे फिरावं.

खडकात बांधलेलं समुद्रपाण्याचं तळंही भरतीत बुडतं. ओहोटीला ते उघडं पडतं आणि लहान मुलांसाठी लाटांपेक्षा बरं. पाणी मात्र अटलांटिकचं आहे. ऑगस्टमध्येही सोळा-सतरा अंशांवर क्वचितच जातं, त्यामुळे सर्फिंगला उन्हाळ्यातही तीन-दोन मिलिमीटरचा वेटसूट लागतो. हंगामात जीवरक्षक असतात. पोहणाऱ्यांनी लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये राहायचं. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या झेंड्यांमधली जागा कडक सर्फबोर्डवाल्यांची. नवशिक्यांनी या दोन जागांची गल्लत करू नये.

गोट्यांचा बांध म्हणजे पेबल रिज. करड्या, गुळगुळीत, मुठीपासून पावापर्यंतच्या आकाराच्या धोंड्यांची लांबलचक रास. पश्चिमेकडच्या कड्यांतून निखळलेले दगड लाटा घासत घासत इथे आणतात, आणि वादळं तोच बांध जमिनीकडे ढकलत नेतात. माळावर गुरं चारायचा हक्क असलेल्या स्थानिकांना पॉटवॉलपर म्हणतात. खाली घसरलेले दगड वर्षातून एकदा पुन्हा वर फेकायची त्यांची जुनी रीत होती. समुद्राशी असा हिशेब मांडणाऱ्या माणसांचं कौतुक करावं तेवढं थोडं. चपला घालून या बांधावर चढू नये, घोटा मुरगळतोच. जाड तळव्याचे बूट घालावेत, नाहीतर सरळ गावाच्या टोकाच्या उतारावरून खाली जावं.

बांधामागच्या माळावर रॉयल नॉर्थ डेव्हन क्लब आहे. १८६४ पासून मूळ जागेवरच खेळलं जाणारं हे इंग्लंडमधलं सर्वात जुनं गोल्फ मैदान. जमीन सामाईक, त्यामुळे मेंढ्या आणि घोडे हिरवळीवर निर्धास्त चरतात. टोकदार लव्हाळ्यात गेलेला चेंडू सोडून द्यावा, हात घातला तर रक्त निघतं. चौथ्या होलवर रेल्वेच्या स्लीपरांनी बांधलेला बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, इतका मोठा आहे, की त्याच्याकडे न पाहता मारणं हाच उपाय. ब्रिटिश ओपन ही गोल्फ स्पर्धा पाच वेळा जिंकणारे जे. एच. टेलर याच मैदानावर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारा पोऱ्या, म्हणून वाढले. फिरायला आलेल्यांनी मैदान ओलांडताना चेंडू कुठून येतोय ते बघावं, मेंढ्यांच्या भरवशावर राहू नये.

वाचनाची आवड असलेल्यांसाठी: मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग १८७८ ते १८८२ इथल्या युनायटेड सर्व्हिसेस कॉलेजात शिकले. ती लांबलचक इमारत आजही किपलिंग टेरेस म्हणून उभी आहे. गावामागची काटेरी झुडपांची टेकडीही त्यांच्याच नावाची, आणि खाडीचा उत्तम देखावा तिथूनच दिसतो.

आणि एक मासला, जो कुठल्याही माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असायला हवा. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, याच वाळूवर 'ग्रेट पँजॅन्ड्रम' या अस्त्राची चाचणी झाली. दहा फूट उंचीची दोन लाकडी चाकं, मध्ये स्फोटकांचं पिंप, कडेनं अग्निबाण. शत्रूच्या काँक्रीट भिंतीवर हे सोडायचं होतं. काम गुप्त, जागा मात्र सुट्टी घालवणाऱ्यांनी भरलेला किनारा. अग्निबाण निखळून सैरावैरा उडाले, चाक वाट सोडून भरकटलं, आणि जानेवारी १९४४ च्या चाचणीत ते पाहायला आलेल्यांच्याच दिशेनं वळलं. प्रकल्प गुंडाळला गेला. त्या चाकाचं वर्णन वाचल्यावर गावाच्या नावातलं चिन्ह कमीच वाटतं.

निकाल: नावाला पाचपैकी पाच, गावाला अडीच, किनाऱ्याला ओहोटीत साडेचार आणि भरतीत दोन. एकाच दिवसासाठी जात असाल, तर ओहोटी दुपारी येईल असा दिवस निवडा. सकाळी टेकडी आणि माळ, दुपारी वाळू, आणि परतीच्या बसची वेळ थांब्यावर उतरतानाच पाहून ठेवा.