बगोरीची हातमागाची लोकरी पंखी : दोन हिवाळे वापरून झाल्यावर लिहितेय

मे 2024 मध्ये गंगोत्रीला जाताना आम्ही हर्षिलला दोन रात्री थांबलो होतो. तिथून छोटे पूल ओलांडत पायी गेलं की बगोरी लागतं, लाकडी घरं, सफरचंदाच्या बागा, खाली भागीरथीचा आवाज. गाव भोटियांमधल्या ‘जाड’ नावाच्या जमातीचं. त्यांची मूळ गावं नेलांग आणि जादुंग, पार तिबेट सीमेजवळ, 1962 च्या युद्धात ती रिकामी करावी लागली आणि ही माणसं इकडे आली. थंडी वाढली की अख्खं गाव मेंढ्या घेऊन खाली उत्तरकाशीजवळच्या डुंडाला जातं, उन्हाळ्यात परत वर. आमच्याकडच्या धनगरांचं जसं पावसावर ठरतं तसं यांचं बर्फावर.

आता पंखीबद्दल. पंखी म्हणजे लोकरीची मोठी शाल, अंगभर येते. एका घराच्या ओसरीत अम्मा बसल्या होत्या, हातात सूत कातायची तकली, आमच्याशी बोलतायत आणि तकली फिरतेच आहे, एकदाही खाली बघितलं नाही त्यांनी. म्हणाल्या विणायला चार-पाच दिवस लागतात, पण सूत कातण्यातच निम्मा हिवाळा जातो. मी 2,800 ला घेतली, घासाघीस केली नाही. करावीशीच वाटली नाही खरं तर, कातताना बघितल्यावर कशी करणार.

पहिले आठ दिवस टोचते, हे आधीच सांगते. मेरिनो लोकरीसारखी मऊ नाहीये, मेंढीच्या मूळ रंगाची, करडी-तपकिरी, आणि ओली झाली की मेंढीचा वास येतो. मला तो आवडतो कारण आजोबांच्या घोंगडीला असाच यायचा, पण सगळ्यांना चालेल असं नाही. आतून सुती ओढणी घेतली की टोचणं थांबतं. ऊब मात्र जबरदस्त. आमच्या निफाडला डिसेंबर-जानेवारीत पहाटे काय गारठा असतो ते इकडच्यांना माहितीय, मी पहाटे द्राक्षाच्या बागेत हीच पांघरून जाते, दवाने वरून ओलसर झाली तरी आत गार लागत नाही. दोन हिवाळ्यांत गोळे आले नाहीत, एका टोकाचा धागा सुटला होता तो मीच गाठ मारून घेतला. धुवायची गार पाण्यात रिठ्याने, पिळायची नाही, सावलीत आडवी पसरून वाळवायची. मशीनमध्ये टाकलीत तर आटून जाईल.

एक गोष्ट जपून. त्याच ट्रिपमध्ये रस्त्यावरच्या एका दुकानात मी हातचा म्हणून स्वेटर घेतला, घरी येऊन एक धागा जाळून बघितला तर वितळून कडक मणी झाला, म्हणजे ॲक्रिलिक. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटात चुरगळते. आणि हाताने कातलेलं सूत कुठे जाड कुठे बारीक असतंच, सगळीकडे एकसारखं दिसलं तर विचारा. शक्य असेल तर गावात चालत जाऊन जी विणते तिच्याच हातात पैसे द्या. भोटिया दन, म्हणजे त्यांचा गालिचा, आणि थुलमा हे जाड ब्लँकेट, दोघांना 2021 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, बजेट असेल तर तेही बघा, मला सामानात बसलं नसतं म्हणून राहिलं.

5 ऑगस्ट 2025 ला धरालीत खीरगाड ओढ्याचा लोंढा आला तेव्हा आपल्याकडचे बरेच पर्यटक तिथे अडकले होते, धराली बगोरीहून जवळच. मी अम्मांच्या मुलाला फोन लावत होते, चार दिवस लागलाच नाही, पाचव्या दिवशी लागला, सगळे सुखरूप होते. यावेळी आईसाठी पंखी सांगितलीय, पांढऱ्या लोकरीची. अम्मा म्हणाल्या डुंडाला गेल्यावर कातायला घेते, मे मध्ये येऊन घेऊन जा बेटा.