जीसी फ्लेक्सीड पुट्टी आणि लाइट बॉडी: लॅबवाल्याचा रिव्ह्यू

चिपळूणला आमची डेंटल लॅब आहे. गुहागर, दापोली, खेडकडून दातांची मापं (तोंडात मटेरियल दाबून घेतलेले ठसे) येतात, काही तर एसटीच्या पार्सलने. फ्लेक्सीड हे असं माप घेण्याचं सिलिकॉन, त्यातली पुट्टी घट्ट, हाताने मळायची आणि लाइट बॉडी पातळ, बारीकसारीक उचलणारी. मी डाय, म्हणजे मापात स्टोन (प्लास्टरसारखी कडक होणारी पावडर) ओतून केलेली दाताची प्रतिकृती, ओतणारा माणूस, त्यामुळे त्या बाजूनेच लिहितोय. पाचपैकी साडेचार स्टार, आणि अर्धा फक्त किमतीसाठी कापलाय.

क्राऊन (दातावरची टोपी) आम्ही डायवर बनवतो, पेशंटचा दात आम्हाला कधी दिसतच नाही. म्हणून माप प्रवासात किती टिकतं हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. अल्जिनेटच्या (पाण्यात कालवायच्या पावडरच्या) मापात स्टोन ओतायला उशीर झाला की संपलं, कोरडं पडलं तर पाणी सोडून आकसतं आणि कोणी चिंब कापसात गुंडाळलं तर पाणी पिऊन फुगतं, ते क्लिनिकमध्येच दहा-पंधरा मिनिटांत ओता आणि मॉडेल पाठवा. कंडेन्सेशन सिलिकॉन स्वस्त पडतं म्हणून बरेच जण वापरतात पण ते सेट होताना अल्कोहोल तयार होतं आणि उडत राहतं, म्हणजे दापोलीहून निघालेला ट्रे (ज्यात मटेरियल भरून माप घेतात तो) परशुराम घाट उतरेपर्यंत आकसतच असतो. दिवसभरात साधारण अर्धा टक्का धरा, १० मिलिमीटरच्या दाढेला ५० मायक्रॉन झाले, आणि मार्जिनला, म्हणजे क्राऊनची कड दाताला भिडते तिथे, तेवढे पुष्कळ होतात हो.

बऱ्याच डॉक्टरांना वाटतं माप आकसलं म्हणजे डाय लहान येणार. पण ट्रेला ॲडेसिव्ह नीट लावलेलं असेल तर मटेरियल ट्रेच्या भिंतीकडे ओढलं जातं, दाताची पोकळी रुंद होते, डाय जाड येते आणि क्राऊन ढिला बसतो. ॲडेसिव्ह नसेल आणि मटेरियल ट्रेपासून सुटलं तर मग कशाचाच भरवसा नाही.

फ्लेक्सीड ॲडिशन सिलिकॉन आहे, सेट होताना उडून जाणारं काही तयार होत नाही, त्यामुळे पावसाळ्यात दरड येऊन पार्सल अडकलं तरी मी निर्धास्त असतो. त्याच मापात दुसऱ्यांदा ओतलं तरी डाय तशीच येते. डायसाठी वापरतात तो टाईप ४ स्टोन स्वतःच ०.१ टक्क्याच्या आसपास फुगतो, त्यात मापाची भर नको.

आता वापरताना काय सांभाळायचं ते. लेटेक्स ग्लोव्हज घालून पुट्टी मळू नका, त्यातल्या गंधकाने ती सेटच होत नाही, चिकट राहते. कंपन्या जो वर्किंग टाईम देतात तो साधारण २३ डिग्रीचा असतो, आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद असेल तर हातातच घट्ट व्हायला लागते. मार्जिन कोरडं हवं, रक्त किंवा लाळ असली की लाइट बॉडी तिथे पोचत नाही. आणि लॅबवाल्यांनो, स्टोनची पिशवी उघडी ठेवू नका, कोकणातल्या दमट हवेत पावडर ओल खाते आणि सेटिंग टाईम बिघडतो, मग चांगल्या मापाचाही उपयोग नाही.

दोन टप्प्यांत (आधी पुट्टी, मग लाइट बॉडी) माप घेत असाल तर स्पेसर, म्हणजे लाइट बॉडीसाठी जागा सोडणारा पातळ थर, ठेवाच. लाइट बॉडीला जागा मिळाली नाही तर पुट्टी दाबली जाते, तोंडातून काढल्यावर परत मागे येते आणि डाय बारीक होते, मग क्राऊन खाली बसतच नाही आणि फोन आम्हाला येतो. मार्जिनपाशी लाइट बॉडी तुटलेली दिसली तर पार्सल करूच नका, पेशंट खुर्चीत आहे तोवरच परत घ्या.