सुया की कप?
मान-खांदा आखडला की क्लिनिकमध्ये हे दोन पर्याय पुढे येतात. अ‍ॅक्युपंक्चरची सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची. टोचताना मुंगी चावल्यागत वाटतं, मग आत जडसर ठणका. वीसेक मिनिटं पडून राहायचं. जुनाट दुखण्यात याचा विचार करावा, असं ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं. कपिंग म्हणजे पोकळ कप लावून त्वचा आत ओढून घेणं; त्याच्या पाठीशी एवढंही बळ नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या अंगावरच्या जांभळ्या चकत्यांनी ते गाजलं. सुईची धास्ती असणाऱ्यांना कप बरे, पण डाग आठवडाभरही राहतात (लग्नात खोल गळ्याचा ब्लाउज असेल तर जपून!). माझं मत सुयांना. फक्त सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दोन्हींआधी डॉक्टरांना विचारा.