बायबलमधल्या स्त्रिया आणि मंडळीतली (चर्चमधली) सेवा : ऑनलाइन कोर्सचा रिव्ह्यू

बायबलमधल्या स्त्रियांवर कोर्स म्हटलं की रूथ, एस्तेर, मरीया आणि नीतिसूत्रे ३१ मधली ती सद्गुणी बायको एवढ्यावरच सगळं आटपतं, त्यामुळे हा रेकॉर्डेड कोर्स घेताना फार अपेक्षा नव्हती. नाव घेत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत.

पण जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाचा, भाग खरंच मस्त झालाय. इस्राएलची न्यायाधीश दबोरा सगळ्यांना माहीत असते, पण संदेष्टी हुल्दावर एवढा वेळ दिलेला मी तरी आधी ऐकला नव्हता. म्हणजे बघा, मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो, योशिया राजा ऐकून कपडे फाडतो आणि आता देवाचं म्हणणं काय हे विचारायला मुख्य याजक हिल्कीया स्वतः जातो कोणाकडे, तर एका बाईकडे, आणि ते पण संदेष्टा यिर्मया त्याच काळात देवाचा संदेश देत होता तरी! शिकवणाऱ्या सिस्टर इथे आवाज न चढवता नुसतं २ राजे २२ वाचत जातात आणि तेवढंच पुरतं.

प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय पण त्याच घेतात. आपण तो नावांची यादी म्हणून उरकून टाकतो ना, त्यांनी प्रत्येक नावावर थांबवलंय. किंख्रियातली फिबी, जिची पौल शिफारस करतो, मग प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला ज्यांच्या घरात मंडळी जमायची, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस या राबणाऱ्या बायका. शास्त्रात तयार असलेल्या अपुल्लोस या उपदेशकाला याच प्रिस्किल्लाने नवऱ्यासोबत बसून अजून नीट समजावलं होतं, कृत्ये १८ मध्ये आहे.

आता तक्रार. १ तीमथ्य २:१२, म्हणजे स्त्रीने शिकवू नये हे वचन, त्यावर दोन्ही बाजू मांडू असं सांगितलंय आणि मांडल्यात पण प्रामाणिकपणे. एक ब्रदर म्हणतात पौल आदामापासून कारण देतोय म्हणजे नियम कायमचा, दुसरे म्हणतात तीमथ्य जिथे होता त्या इफिस शहरात खोटी शिकवण पसरलेली, त्या परिस्थितीपुरतं हे होतं. ठीक, पण विषय बायकांच्या सेवेचा आणि नेमक्या याच वचनावर बोलायला दोघेही पुरुष? सिस्टर इथे गायब!! हे कोणाच्याच लक्षात आलं नसेल का, की लक्षात येऊनच केलंय देव जाणे. वर क्विझमध्ये या प्रश्नाला एकच उत्तर बरोबर धरलंय, मग दोन बाजू कशाला ऐकवल्या. १ करिंथ ११ मध्ये स्त्री प्रार्थना करते, संदेश देते हे धरूनच पौल डोकं झाकायचं बोलतो आणि १४ मध्ये गप्प राहा म्हणतो, हा तर खरा मुद्दा, तो फक्त ग्रुपमध्ये चर्चेला टाकून मोकळे. चर्चा मात्र भारी झाली.

स्त्रियांना पाळक किंवा प्रीस्ट म्हणून दीक्षा मिळण्याचा इतिहास म्हणजे नुसती पळापळ, स्लाइडवर तारखा. १८५३ अमेरिकेत अँटोनेट ब्राऊन, १९४४ फ्लोरेन्स ली टिम-ओई. अहो, हिची गोष्ट तर सांगा! युद्धामुळे मकावमध्ये प्रीस्ट पोचू शकत नव्हते म्हणून हाँगकाँगच्या अँग्लिकन बिशपनी तिला दीक्षा दिली आणि युद्ध संपल्यावर एवढा गदारोळ झाला की तिने १९४६ मध्ये प्रीस्ट म्हणून काम करायचं लायसन्स सोडलं, दीक्षा सोडली नाही. १९९४ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने पहिल्या स्त्री प्रीस्टना दीक्षा दिली आणि त्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी लिहून दिलं की स्त्रियांना ही दीक्षा द्यायचा चर्चला अधिकारच नाही. दोन्ही तारखा एकाच स्लाइडवर आहेत आणि त्यावर एक वाक्य नाही.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर सिस्टरांचे भाग आधी बघा, क्विझच्या मार्कांचं टेन्शन घेऊ नका, आणि नोट्सची पीडीएफ लगेच उतरवून ठेवा, कारण कोर्सची मुदत संपली की लिंक बंद होते.